पाटावरचा पिवळा

मी काय काम करते असं कुणी विचारलं की मी सांगते, "जुन्या चित्रांचे रंग तपासते." लोक "अरे वा" म्हणतात, आणि मी पुढे समजावायला लागले की त्यांचं लक्ष उडतं. दिल्लीत द्वारकेच्या आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांचा समज आहे की मी पेंटच्या कंपनीत आहे. एका बाईंनी मला हॉलला कुठली शेड लावू म्हणून विचारलं होतं. वैतागून सांगितली एक. अजून आहे ती त्यांच्या भिंतीवर, आणि वाईट दिसते.

काम असं असतं. चित्राच्या तडकलेल्या कडेवरून खसखशीच्या दाण्याहून लहान कण सुईच्या टोकाने उचलायचा. तो पारदर्शक राळेत बसवायचा, राळ घट्ट झाली की घासत घासत त्याची कापलेली बाजू उघडी करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. वरून एकच लाल दिसणारी जागा आतून चार-पाच थरांची निघते. आधी काय लावलं, नंतर काय झाकलं, कुणी कधी डागडुजी केली, ते सगळं एकावर एक दिसतं. मग कुठला थर कशाचा आहे ते रसायनं घालून शोधायचं. आयुष्य गेलं माझं यात, पण सगळी चित्रं लोकांची. घरचं काही तपासायची वेळ एकदाच आली, आणि ती आली नसती तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

बाबा सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. रेघ मारावी तर त्यांनी. म्हातारपणीसुद्धा पट्टीशिवाय सरळ रेघ मारून दाखवायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे. मूळचे कोकणातले, शाळेत असताना गावच्या मूर्तिशाळेत सुट्टीभर हाताखाली काम केलेलं. बदली होऊन दिल्लीला आले, आर. के. पुरमला क्वार्टर मिळालं, आणि पहिल्याच चतुर्थीला इथल्या बाजारातल्या गणपतीचा चेहरा बघून त्यांचं डोकं फिरलं. "हा कोण पहिलवान?" असं भर दुकानात म्हणाले म्हणे. तेव्हापासून आमचा गणपती घरीच. त्यासाठी शाडू लागायचा, म्हणून गावाहून दिल्लीला येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात बाबा शाडूची पिशवी मारायचे. एका आत्तेभावाने तर त्या भीतीने दिल्लीची सहल रद्द केली, असं आई सांगायची.

मूर्ती ठेवायला एक सागवानी पाट होता. दर वर्षी काम सुरू करण्याआधी बाबा त्या पाटाला गेरूचा हात द्यायचे. आधीच्या वर्षीचे डाग तसेच खाली, वर नवा गेरू. तो वाळला की मूर्ती ठेवायची, हात जोडायचे आणि मग कुंचला उचलायचा. पितांबर रंगवताना कुंचला भरभरून घ्यायची त्यांना खोड, त्यामुळे पिवळ्याचे ओघळ पाटावर यायचेच. आई म्हणायची, "अहो, देवाला नेसवताय की पाटाला?"

बाकीचे रंग बाबा स्वतः कालवायचे, पण पिवळा आईकडे. कारण साधं होतं. पिवडीची, म्हणजे पिवळ्या मातीची, भुकटी उडाली की बाबांना शिंका सुरू व्हायच्या, आणि त्यांची एक शिंक म्हणजे ओल्या मूर्तीवर संकट. म्हणून आई स्वैपाकघरात पिवळा तयार करायची. बाबांनी नुसतं ओरडायचं, "पिवळा दे गं," की पितळी वाटी बाहेर यायची. तिच्यात काय काय घातलंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी तरी कुठे विचारलं?

शेवटच्या काही वर्षांत तो पितांबर भडक होत गेला. आधी कसा उन्हात वाळलेल्या गवतासारखा शांत पिवळा असायचा. नंतर नंतर इतका झगझगीत व्हायला लागला की दर्शनाला आलेली पोरं म्हणायची, "अंकल, इस बार तो एकदम चमक रहा है." एका वर्षी मी आईला स्वैपाकघरात गाठून म्हटलं, "आई, बाबांना सांग ना जरा. किती भडक रंगवतात हल्ली. बघवत नाही." आई पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "गप्प बस. तुला काय कळतंय रंगातलं?"

मला! पगार मिळतो मला रंगातलं कळण्याबद्दल. मी दिवसभर फुगून बसले होते.

आई एका हिवाळ्यात गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, दुपारी नव्हती. त्या वर्षी गणपती बसवला नाही. बाबांचं निवृत्तीनंतरचं भाड्याचं घर सोडलं आणि त्यांना मी द्वारकेला माझ्याकडे आणलं. सामान थोडंच घेतलं त्यांनी, पण पाट मात्र चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन गाडीत बसले.

पुढच्या वर्षी श्रावण लागला तसे बाबा जरा हलायला लागले. शाडू आणवला. बाल्कनीत पाट मांडून गेरू दिला. मूर्ती सुरेख झाली, सोंडेचा बाक तर पहिल्यासारखाच. मला वाटलं, चला, माणूस मार्गी लागला. मग एका सकाळी बाहेरून आवाज आला, "पिवळा दे गं." त्यांचं त्यांना कळलं. मी घाईघाईने पिवडी घेतली, डिंकाच्या पाण्यात कालवली आणि वाटी नेऊन दिली.

त्यांनी वाटीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "मी पिवळा मागितला. हा पांढरा आहे."

"पिवळाच आहे, बाबा."

"मला शिकवतेस?"

मी आणखी पिवडी घातली. "फिका." दुसऱ्या दुकानातून आणली. "भेसळ आहे. खडू घालतात हे लोक." सदर बाजारपर्यंत जाऊन आणली. बाबांनी कुंचला बुडवून पाटावर एक फराटा ओढला, डोळे बारीक करून बघितला आणि वाटी ढकलून दिली. त्या वर्षी पितांबर लाल झाला. आरतीला बाबा उभे राहिले, पण मूर्तीकडे बघत नव्हते. विसर्जन आम्ही बाल्कनीतच बादलीत करतो, तेव्हाही आत बसून राहिले. जेवण सुटल्यातच जमा झालं. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. एक दिवस मी फार मागे लागले तेव्हा म्हणाले, "एवढी मोठी रंगांची डॉक्टर झालीस, बापाचा एक पिवळा सापडेना तुला?"

लागलं मला ते. म्हटलं, थांबा, शोधून काढतेच.

बाबांनी केलेला एकही गणपती शिल्लक नव्हता. दर वर्षी केला आणि पाण्यात सोडला, तीच तर रीत. राहिला होता तो पाट. त्याच्या पुढच्या कडेला, जिथे ओघळ यायचे, तिथे रंगाची जाड खपली धरली होती. मी सुईने तिचा एक कण उचलला आणि डबीत घालून प्रयोगशाळेत नेला. साहेबांना विचारलं, ते म्हणाले, "करो, करो, लंच में कर लो." शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "मॅम, ये किस म्युझियम का है?" मी म्हटलं, "घर का."

पाण्याने विरघळणारा रंग, म्हणून छेद कोरडाच घासला. सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला हसू आलं आणि रडूही. लाल, पिवळा, लाल, पिवळा. गेरूची एक रेघ, तिच्यावर पिवळ्याची एक. आमच्या घरातला प्रत्येक गणपती तिथे एकाखाली एक बसला होता. सगळ्यात खाली मी शाळेत असतानाचा, सगळ्यात वर, नव्या गेरूच्या खाली, आईचा शेवटचा.

खालच्या थरांत पिवडी होती, आणि तिच्याबरोबर काहीतरी पारदर्शक, कण कण असलेलं. प्रकाश बदलून बघितला तर प्रत्येक कणावर काळी फुली उमटली. फुली म्हणजे पिठूळ पदार्थ, स्टार्च. गोल कण, एका बाजूने कापल्यासारखे चपटे. मी खुर्चीत मागे टेकले. साबुदाणा! खळ होती ती, साबुदाण्याची. आई ऑफिसला सुती साड्या नेसायची आणि रविवारी त्यांना खळ करायची. उरलेल्या खळीत पिवडी कालवून बाबांना देत असणार. पूर्ण शिजली असती तर फुली दिसलीच नसती, पण आईची खळ नेहमी अर्धी कच्ची. तिला कधी धीरच नव्हता, उकळी आली की उतरवली. माझी आई मला तिथे काचेखाली घाईघाईने गॅस बंद करताना दिसली.

वरच्या थरांत आणखी एक गोष्ट होती. जांभळ्या दिव्याखाली ते थर पिवळे-हिरवे चमकत होते, खालचे नव्हते. मला अंदाज आला, पण अंदाजावर कोण विश्वास ठेवतं? कडेला चुन्याच्या निवळीचा एक थेंब सोडला. तो थर माझ्या डोळ्यांदेखत लाल झाला. हळद आणि चुना, कुठल्याही मराठी घरातल्या पोरीला सांगावं लागत नाही. आई पिवळ्यात हळद घालत होती. एका थरात चिमूटभर, त्याच्या वरच्यात जास्त, त्याच्याही वरच्यात आणखी. शेवटच्या थरात पिवडी नावालाच होती.

मी इतकी खूश झाले की दुसरा काही विचारच केला नाही. घरी येताना साबुदाणा घेतला. खळ केली, मुद्दाम कच्ची उतरवली. त्यात थोडी पिवडी आणि हळद ओतली, शेवटच्या थरात होती तेवढी. वाटी बाबांच्या पुढे धरली. त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "हाच! हाच तो! अगं, कसा सापडला तुला?" मी फुशारकीने सगळं सांगितलं, खळ काय, फुली काय, हळद काय. ते लहान मुलासारखे ऐकत होते. "खळ होय? साडीची खळ?" असं म्हणून हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

मी वाटीकडे बघत होते. माझ्या डोळ्यांना तो रंग भाजीच्या रश्श्यासारखा दिसत होता.

शेजारी माझी नुसत्या पिवडीची वाटी होती. मी विचारलं, "बाबा, आणि हा?" ते म्हणाले, "हा पांढरा. सांगितलं ना तुला." मी आत गेले. पांढऱ्या बशीत एक पिवळं लिंबू ठेवलं आणि त्यांच्यापुढे आणलं. "बाबा, लिंबू द्या हो जरा." त्यांचा हात बशीवर गेला आणि चाचपडायला लागला. लिंबू समोर होतं.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या, गोड बोलणाऱ्या. तपासायला खूप वेळ घेतला. मग बाबांना बाहेर बसवून मला म्हणाल्या, "काला मोतिया है. बहुत पुराना." आपण काचबिंदू म्हणतो तो. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो, आणि निळ्या-पिवळ्यातला फरक कधी कधी फार आधी जातो. गेलेलं परत येत नाही. उरलंय ते थेंब घालून टिकवायचं, तेही जमेल तितकं. मी विचारलं, "आधी आलो असतो तर?" त्या म्हणाल्या, "तब तो काफी कुछ बच जाता, मॅम." आणि पुढचा पेशंट बोलावला.

आधी म्हणजे कधी, ते मला ठाऊक होतं. कुठल्या थरापासून हळद सुरू झाली ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. आम्ही तेव्हा क्वार्टरमध्येच होतो. इतकी वर्षं! मी तिथे, हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमध्ये, मेलेल्या आईवर इतकी चिडले की माझे दात आवळले गेले. काय केलंस हे, आई? एकदा मला सांगायचं होतंस. फरफटत नेलं असतं मी त्यांना.

परतताना आम्ही मेट्रोने आलो. बाबांच्या डोळ्यांत तपासणीचे थेंब घातलेले, त्यामुळे काळा चष्मा. म्हाताऱ्यांच्या सीटवर ते टेकले, मी शेजारी. डॉक्टरांनी त्यांनाही थोडक्यात सांगितलं होतं. मग आसपास कुणाला मराठी कळत नाही या हिशेबाने मोठ्यानेच म्हणाले, "ती हळद. पहिल्यापासून होती का गं?"

"हो," मी म्हटलं. "अगदी खालच्या थरापासून."

माझ्या कामात मी कधी कुणासाठी खोटं बोललेले नाही. मोठमोठे लोक नाराज झाले तरी नाही.

"नव्हती," बाबा म्हणाले. "आधी वाटीला वास नसायचा. नंतर यायला लागला. मला वाटायचं, स्वैपाकातून उठून आलीय, हात तसेच असतील."

कुठलं तरी स्टेशन आलं, माणसं चढली.

"तिने सांगितलं होतं मला," ते म्हणाले. "एका वर्षी मी ओरडलो, हा काय पिवळा, पांढराफटक. ती म्हणाली, अहो, रंग तोच आहे, एकदा डोळे दाखवून या. मी काय म्हटलं माहितीय? म्हटलं, माझे डोळे बघू नकोस, तुझा पिवळा बघ." त्यांनी काळा चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जेवलो नव्हतो त्या दिवशी. आठवडाभर बोललो नाही तिच्याशी. ड्राफ्ट्समनला म्हणते डोळे दाखवा."

मग म्हणाले, "बघितला तिने तिचा पिवळा."

माझी आईवरची चीड त्या डब्यात उतरली असं मी म्हणणार नाही. नाही उतरली. बाबांवरही चिडले मी. दोघांना एकमेकांचं मन राखायची भारी हौस, आणि भोगायचं कुणी? पण शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

यंदा त्यांनी पुन्हा शाडू मागवला. हाताला सगळं पाठ आहे, मूर्ती चांगली झाली. डोळ्यांची आखणीही त्यांनीच केली, काळं त्यांना समोरून अजून दिसतं. मग मी विचारलं, "पिवळा करू? हळदीचा?"

"नको," ते म्हणाले. "साधा कर. ती आधी करायची तसला. खळीतला."

"तुम्हाला दिसणार नाही, बाबा."

"तुम्हा लोकांना दिसेल ना?"

मी खळ केली, पिवडी कालवली, पितळी वाटीत घालून दिली. पांढऱ्या मूर्तीवर त्यांना पांढराच दिसणारा रंग ते लावत बसले. डाव्या हाताचं बोट कडेला टेकवायचं आणि त्याच्या मागोमाग कुंचला न्यायचा. ओघळ पाटावर आले. मी दारात उभी होते. "देवाला नेसवताय की पाटाला?" असं विचारायला आता कुणी नव्हतं. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी कुंचला वाटीवर आडवा ठेवला आणि विचारलं, "राहिलं नाही ना कुठे?"

उजव्या गुडघ्यावर तळहाताएवढी जागा कोरी होती.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "सगळं भरलंय."

ते थेंब घालायला आत गेले. मी खाली बसले, कुंचला उचलला आणि गुडघा भरला. त्यांच्यासारखेच आडवे हात दिले, म्हणजे जोड दिसू नये. रंग लावता लावता मी मोठ्याने रडत होते, आणि आईला काय काय बोलायचं ठरवलं होतं त्यातलं मला एकही वाक्य आठवत नव्हतं.

बाबा बाहेर आले तेव्हा मी कुंचला जागेवर ठेवून बाजूला उभी होते. ते पाटापुढे बसले. नेहमीप्रमाणे रंग वाळला का ते बघायला त्यांनी बोट टेकवलं, आधी पोटाखाली, मग डाव्या गुडघ्यावर, मग उजव्या. तिथे बोट थांबलं.

"इथे अजून ओलं आहे," ते म्हणाले.

बोटाचा पिवळा त्यांनी पाटाच्या कडेला पुसला आणि मला म्हणाले, "चल, जेवायला वाढ."